तुपाची वाटी टेबलावर

प्रिय पोरा,

मेनूचा खर्डा पाठवलास, तो नीट पाहिला. शेवटच्या पानावर ‘व्हिगन कॉर्नर’ अशी चौकट आहे आणि तिच्यात टोफू टिक्का, क्विनोआ पुलाव, बदामाच्या दुधाची स्मूदी, अव्होकाडो टोस्ट. बाणेरला बत्तीस खुर्च्यांचं मराठी जेवणाचं हॉटेल काढतोयस ना तू? तुझा वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, सोलापूरचा. शेंगाचटणी आणि धपाटे तो झोपेतही करेल, पण क्विनोआची पिशवी हातात दिलीस तर राजगिरा समजून लाडू वळायला घेईल. ते पान आधी फाडून टाक, मग पुढचं वाच.

व्हिगन माणसाला, म्हणजे मांस-अंडी तर सोडच, दूध, तूप, मधही न खाणाऱ्याला, जेवायला घालू नकोस असं मी म्हणत नाही. घालायलाच हवं. का, ते मला एका फजितीतून कळलं. माझ्या हॉटेलात एकदा एका कंपनीतले नऊ जण आले. त्यातल्या एका मुलीनं विचारलं, “यात दूध, दही, तूप काही नाही ना?” आमचा वेटर छाती फुगवून म्हणाला, “काळजीच नको मॅडम, प्युअर व्हेज आहे.” तिनं पिठलं-भाकरी मागवली. भाकरी आली ती तुपानं चकाकत. तिनं परत पाठवली. दुसरी कोरडी आली, पण काठावर लोण्याचा गोळा. शेवटी बिचारीनं काकडी, शेंगदाणे आणि पापडावर जेवण उरकलं. बाकीचे आठ जण पोटभर जेवले, बिल भरलं, वेटरला टीपही दिली आणि पुन्हा कधी आले नाहीत. पिठल्यात दुधाचा थेंब नव्हता रे. ज्वारी, बेसन, तेल, मिरची, लसूण. तिचं जेवण आमच्याकडे तयार होतं, आम्हीच त्याला तूप लावून ते घालवलं.

व्हिगन गिऱ्हाइकं मोजायला बसलास तर आठवड्याला चार-पाच भरतील आणि तू म्हणशील, एवढ्यासाठी कशाला डोकेफोड! पण माणसं टोळक्यानं जेवायला येतात, आणि कुठं जायचं हे ज्याचं खाणं सगळ्यात अवघड त्याच्या सोयीनं ठरतं. आपल्या धंद्याला हे नवीन नाही. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांनी बटाट्याऐवजी कच्चं केळं घालून, कांदा-लसूण काढून जैन पावभाजी सुरू केली ती काय उगीच? एका जैन माणसामागे चार बिगरजैन यायचे आणि त्या टेबलाचं बिल मोठं व्हायचं. आज ऑर्डरच्या चिठ्ठीवर ‘जैन’ एवढं लिहिलं की भटारखान्यात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. व्हिगनचंही तिथपर्यंत जायला हवं.

हे गणित उलटं लागू पडतं तेही बघून ठेव. न्यूयॉर्कचं ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ हे तीन मिशेलिन ताऱ्यांचं, म्हणजे हॉटेलांच्या जगातल्या सगळ्यात वरच्या मानाचं हॉटेल. 2021 मध्ये त्यांनी सगळा मेनू वनस्पतीजन्य केला. जगभर गाजावाजा झाला, तारेही टिकले. 2025 मध्ये मात्र त्यांनी मांसाचे पदार्थ पुन्हा आणले. मोठ्या पार्ट्यांचं बुकिंग अवघड जातं, हे त्यामागचं एक कारण त्यांच्या शेफनं, डॅनियल हम यांनी, उघडपणे सांगितलं. तीस जणांतल्या काहींना वनस्पतीजन्य जेवण नको असलं की सगळी पार्टीच दुसरीकडे जाते. तेव्हा अख्खं हॉटेल व्हिगन करण्याच्या फंदात पडू नकोस. तुला फक्त कुणालाही टेबलावरून उपाशी उठू द्यायचं नाही.

कोण जनावरांसाठी दूध सोडतं, कोण हवामानासाठी, कुणाला ते पचतच नाही. वेटरनं कारण विचारायचं नाही. मी स्वतः व्हिगन नाही. सकाळचा चहा मला म्हशीच्या दाट दुधाचाच लागतो. पण उपवास आहे म्हणणाऱ्याला आपण “का करता हो उपवास?” असं विचारतो का?

आता ‘प्युअर व्हेज’चा घोळ. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून फसू नकोस. आपल्या नियमांत मांसाहाराची व्याख्या करताना दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाख वगळलेली आहेत. म्हणजे तूप, खवा, मध घातलेल्या मालावरही हिरवा ठिपका बिनदिक्कत येतो. व्हिगनसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2022 मध्ये वेगळे नियम केले आणि पान फुटलेल्या ‘व्ही’ अक्षराचं हिरवं चिन्ह ठरवलं. त्यात नुसते घटक पाहत नाहीत. पूरक द्रव्यं, एन्झाइम, प्रक्रियेत वापरलेलं सगळं धरलं जातं. तू पाकीटबंद माल विकणार नाहीस, तरी ‘व्हिगन’ हा शब्द मेनूवर छापलास की त्याची जबाबदारी तुझी. म्हणून माल आणतानाच डब्यामागचं बारीक अक्षर वाच. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिनेट’ ही सगळी दुधाचीच पिल्लं. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या पावडरीतही केसिनेट सापडतं. हॉटेलात ‘बटर’ म्हणून येतं ते पुष्कळदा मार्गारीन, म्हणजे तेलाचं नकली लोणी असतं, आणि त्यातही दुधाचे घन पदार्थ असू शकतात. लादीपावाला वरून काय फासतात, दूध, तेल की अंडं, हे बेकरीवाल्याला तोंडावर विचार. लाजू नकोस, रोजचं गिऱ्हाईक आहेस त्याचं.

मग तुझ्या खर्ड्याची पहिली चौदा पानं घेऊन बसलो आणि पेन्सिलीनं खुणा करत गेलो. झुणका, भरली वांगी, मटकीची उसळ, काळ्या वाटाण्याची आमटी, अळूचं फदफदं, कोथिंबीर वडी, बटाटावडा, मिसळ, घावन, ठेचा, सोलकढी. यातल्या एकालाही दूधदुभतं लागत नाही. लागतं ते आपल्या सवयीला. आचाऱ्याचा हात शेवटी तुपाच्या डब्याकडे जातोच. वरणाला तुपाची फोडणी, भातावर तूप, वडीवर तूप, भाकरीवर लोणी, थालीपिठाच्या पिठात दह्याचा चमचा, मिसळीवर ‘तिखट उतरावं’ म्हणून दही. त्यात प्रेम असतं, नाही म्हणत नाही. पण ते तुपाचं प्रेम ताटात मिसळून गेलं की काढता येत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे: दूधदुभतं भटारखान्यातून बाहेर काढ आणि वाटीत घालून टेबलावर दे. वरणाची फोडणी तेलाची कर आणि ज्याला हवं त्याच्या पुढ्यात कढवलेल्या तुपाची वाटी ठेव. भाकरी कोरडी जाऊ दे, लोणी वाटीत. मिसळीबरोबर दही वेगळं. थालीपीठ दह्याशिवाय भिजवून बघ, गरम पाण्यानं मळलं तर मऊच राहतं. मी हे माझ्याकडे सुरू केलं तेव्हा वस्ताद तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी एक आजोबा गल्ल्यावर येऊन म्हणाले, “तूप वाटीत देता, बरं करता. किती घालायचं ते माझ्या डॉक्टरनं ठरवलंय.” तूप खाणाऱ्याला ते ताजं, डोळ्यांपुढे मिळतं, न खाणाऱ्याचं ताट आपोआप सुटतं. शिवाय वाटी परत आली की किती तूप वाया जातं तेही कळतं. तुपाचा भाव तुला मी सांगायला नको.

हे केलंस की नवा एकही पदार्थ न शिकवता अर्धा मेनू मोकळा होईल. उरलेल्यांत कशाच्या मागे लागायचं ते ठरव. दह्याची कोशिंबीर असेल तिथं खमंग काकडीही ठेव. कूट, लिंबू, फोडणी मात्र तेलाची. कढीची नक्कल करू नकोस. शेंगदाण्याच्या दुधाचं दही लागतं, मी लावून पाहिलंय, आंबटही होतं, पण कढीत उकळलं की फाटतं आणि वस्ताद वैतागतो. त्यापेक्षा नारळाच्या दुधातलं टोमॅटोचं सार दे. जाड दूध शेवटी घालायचं आणि मग उकळी येऊ द्यायची नाही. सोलकढीत काही ठिकाणी नारळ वाचवायला दुधाची पावडर घालतात. तुझ्याकडे ते दिसलं तर मी ओळख देणार नाही. दाट रस्सा हवा असेल तिथं क्रीमऐवजी काजूतुकडा भिजवून वाट. अख्ख्या काजूपेक्षा स्वस्त पडतो, आणि वाटून घालायचा असला की आख्खा कशाला हवा?

टोफू ठेवायचाच हट्ट असेल तर एकच पदार्थ ठेव आणि त्याला पनीरसारखं वागवू नकोस. थेट रश्शात टाकलास तर रबर चावल्यासारखा लागतो आणि आतून अळणी राहतो. आदल्या रात्री गोठव, सकाळी वितळव, पाणी दाबून काढ. मग तो स्पंजासारखा होतो आणि मसाला आत जातो. उघडलेला टोफू पाण्यात, फ्रीजमध्ये, आणि पाणी रोज बदलायचं. थोडाच मागव, नासलेला टोफू पाहून वस्तादाचं मत कायमचं बनेल.

गोडाचं मात्र मन लावून कर, कारण व्हिगन माणसाला सगळीकडे शेवटी कापलेली पपई मिळते. आपल्या कोकणाकडे बघ जरा. शिरवळ्या आणि गुळाचा नारळरस, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, खापरोळी. गोव्याकडचं डोदोल: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, गूळ. (बेबिंका नको, त्यात अंडी आणि तूप दोन्ही.) उकडीच्या मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी थोडं खोबरेल घाल आणि वर तुपाच्या धारेऐवजी नारळाचं घट्ट दूध. पुरणपोळी तेलावर लाटायची रीत आपल्याकडे आहेच, आणि ती नारळाच्या दुधात बुडवून खाणारी घरंही आहेत. चहाला सोयाचं दूध आणून ठेवलंस तर ठेव, पण आधी गुळाचा कोरा चहा नीट कर. आलं, गवती चहा, लिंबाचे दोन थेंब. तो कुठं धड मिळतो?

आता भटारखान्यातली शिस्त. हे वस्तादाला कसं सांगायचं ते तू विचारलं होतंस. ‘क्रॉस कंटॅमिनेशन’ वगैरे शब्द त्याच्यापुढे काढू नकोस. त्याला विचार, “वस्ताद, माळकरी माणसाला तुम्ही मटणाच्या डावानं भाजी वाढाल का?” त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. त्याच मापानं वागायचं. तुपातला डाव उसळीत घालायचा नाही. घावन, थालीपिठाला एक तवा वेगळा, त्याला लोणी लावायचं नाही. पनीर भजी तळलेल्या कढईत कोथिंबीर वडी तळायची नाही. दोन कढया परवडत नसतील तर पनीर भजीच मेनूवरून काढ, तशीही मराठी हॉटेलात तिचं काय काम?

आणि एक गोष्ट व्हिगनपेक्षा वेगळी धर. कुणी म्हणालं, “मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे,” तर ती आवडनिवड नाही. तिथं एक चमचा चुकला तर मूल दवाखान्यात जाऊ शकतं. ज्या भटारखान्यात दिवसभर तूप-दही फिरतं, तिथून शंभर टक्के खात्री देता येत नाही. वेटरनं स्वतःच्या मनानं “हो हो चालेल” म्हणायचं नाही, तुला किंवा वस्तादाला बोलवायचं, आणि शंका असेल तर सरळ सांगायचं. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

मेनूत वेगळं पान नको म्हणालो त्याचं कारण माझ्याकडचंच. पूर्वी मी ‘व्हिगन स्पेशल’ असा मथळा देऊन आठ पदार्थ एका चौकटीत टाकले होते. त्यात भरली वांगीही होती, आणि भरली वांगी खायलाच आलेली माणसं त्या चौकटीकडे बघायचीदेखील नाहीत. त्यांना वाटायचं, हे काहीतरी पथ्याचं. मी ती परत भाज्यांमध्ये नेऊन ठेवली, नावापुढे एक लहानशी पानाची खूण केली, खाली त्या खुणेचा अर्थ सांगणारी एक ओळ लिहिली, आणि ती आधीसारखी खपायला लागली. पदार्थाचं नाव चवीनं दे. ‘काजूतुकड्याचा रस्सा’ म्हण, ‘व्हिगन कोर्मा’ म्हणू नकोस.

वेटरांना पाठ करून घ्यायला दोनच वाक्यं दे: “यात दूध-दही-तूप-मध नाही” आणि “थांबा, आत विचारून सांगतो.” दुसरं म्हणायला लाज वाटू नये म्हणून पहिले काही दिवस तू स्वतः त्यांच्यासमोर आत जाऊन विचार. उद्घाटनाआधी घरच्यांना बोलवून एक जेवण घाल, त्यातल्या एकाला गुपचूप व्हिगन गिऱ्हाईक बनव. कुठं पाय घसरतो ते त्या संध्याकाळीच कळेल. माझा अंदाज, भाकरीवरच घसरेल.

येत्या रविवारी दुपारच्या गर्दीआधी इकडे ये, वस्तादालाही घेऊन ये. भरली वांगी आणि एक पातोळी करून दाखवा. तोवर बेकरीवाल्याला विचारून ठेव, आणि तुझ्या किचनमधला तुपाचा डबा गॅसच्या उजव्या हाताला आहे ना, तो तिथून हलव.

तुझा,
काका