वेचणी होईपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. घाटंजी तालुक्यात आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी आणि तूर. बाबांना सहा वर्षांपासून शुगर आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. शिबिरात तपासून जिल्हा रुग्णालयात ऑपरेशनला बोलावलं होतं, पण बाबा म्हणतात, "पिकू दे अजून, वेचाई होऊ दे, मंग पाहू." शेजारच्या काकांना ऑपरेशन करूनही नीट दिसत नाही, त्याचीही धास्ती आहे. ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात? नंतर किती दिसेल?

उत्तर : दादा, ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून मी २९ वर्षं काढली. "पिकू दे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते आलं कुठून, हे आधी सांगते. पूर्वी डोळ्यातलं भिंग अख्खं काढायचे, टाके पडायचे आणि नंतर जन्मभर जाड काचेचा चष्मा लागायचा. म्हणून मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबवत. आता तसं नाही. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो, आणि कधी फुगून डोळ्याचा दाब वाढवतो. मग दुखणं वेगळंच होऊन बसतं.

एक-दोन महिने इकडे-तिकडे झाल्यानं सहसा डोळा जात नाही, हेही खरं. पण तुमचे बाबा रात्री जागलीला जातात का? रानडुकरं हाकलायला निघालेल्या माणसाला समोरच्या टॉर्चभोवती नुसतं तेजाचं वलय दिसत असेल आणि धुरा दिसत नसेल, तर प्रश्न डोळ्यापुरता राहत नाही. धुऱ्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलेले म्हातारे मी पाहिले आहेत. माझं मत विचाराल तर दिवाळी झाली की उजव्या डोळ्याचं करून घ्या. साधारण महिनाभर शेतात जाता येणार नाही, पण शेवटच्या वेचणीला बाबा बोंडं स्वतः पाहून वेचतील. त्यांना हे असंच सांगा, पटेल.

आता शेजारच्या काकांचं. ऑपरेशनमध्ये फक्त गढूळ झालेलं भिंग निघतं आणि त्या जागी नवं बसतं. त्यामागचा पडदा आणि नस जुनीच राहते. विहिरीवर नवी मोटर बसवली आणि पाइपच फुटका असला तर ओलित होत नाही, तसं. काकांचा डोळा मी पाहिलेला नाही. पण शुगरनं पडदा खराब झालेला असेल किंवा काचबिंदूनं नस सुकलेली असेल, तर उत्तम ऑपरेशन होऊनही नजर अर्धवटच येते. म्हणून बाबांचा पडदा बाहुली मोठी करून आधी तपासायला सांगा आणि सरळ विचारा, "डॉक्टर, मागचा पडदा कसा आहे? किती दिसेल?" मोतीबिंदू फार दाट असेल तर पडदा दिसत नाही, मग सोनोग्राफी करतात. हा प्रश्न विचारायला आपल्याकडची माणसं लाजतात. लाजू नका.

जाताना बाबांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत टाकून न्या. रक्त पातळ होण्याची गोळी आणि प्रोस्टेटसाठीची लघवीची गोळी, या दोन तर नक्की दाखवा. लघवीच्या काही गोळ्यांनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली सैल पडते. डॉक्टरला आधी माहीत असलं की ते तयारीत राहतात. मनानं कोणतीच गोळी बंद करू नका. शुगर आणि बीपी आटोक्यात हवं. मशीनवर डोळा मोजून भिंगाचा नंबर काढतात. आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ घालून द्या. आणि खर्रा बंद! ऑपरेशनच्या टेबलावर कापडाखाली ठसका लागला तर पंचाईत होते.

ऑपरेशनला भूल फक्त डोळ्यापुरती, थेंबांनी किंवा डोळ्याच्या बाजूला सुई देऊन. बाबा जागेच असतील. तोंडावर कापड, वर झगझगीत उजेड, डोळ्यावर पाणी सोडल्यासारखं वाटेल. फेको म्हणजे मशीननं मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून काढायची पद्धत. तिच्यात दोन-तीन मिलीमीटरचा छेद घेऊन घडीचं भिंग बसवतात. दुसऱ्या पद्धतीत छेद सहा-सात मिलीमीटरचा, तरी बहुधा टाके लागत नाहीत. दोन्हींनी चांगलं दिसतं. साधारण पंधरा-वीस मिनिटांचं काम, आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. माझ्या आईची निघाली तेव्हा तिला आधी सगळं निळसर वाटलं. मग घरी तुरीची डाळ निवडायला बसली आणि म्हणाली, "इतके दिवस आपन खडेच खाल्ले का वं?" मात्र तिच्याच बाबतीत एक चूक झाली. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथं थेंब किती दिवस आणि कसे कमी करत न्यायचे, हे कोणी समजावलं नाही. नवव्या दिवशी बाटली संपली, आईला वाटलं औषध संपलं. मी नोकरीच्या गावी होते. चार दिवसांत डोळा लाल झाला, उजेड सोसेना. पुन्हा थेंब सुरू करून वाचला. म्हणून थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर लिहा. ते सहसा चार ते सहा आठवडे चालतात. हात साबणानं धुवा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या.

महिनाभर वजन उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून पाणी नाही. चुलीचा धूर, गोठा आणि तुरीचं कुटार उडतं तिथं तर अजिबात नाही. दुखणं वाढलं, नजर कमी झाली, लाली वाढली किंवा पू दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी गाडी करा. मेडिकलमधून थेंब विकत घेऊन वेळ घालवू नका. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर एका दिवसाचाही उशीर डोळ्याला महागात पडतो.

नेहमीच्या भिंगानं लांबचं स्वच्छ दिसतं, पोथी वाचायला चष्मा लागतो. तो नंबर महिना-दीड महिन्यानं काढा, त्याआधी पैसे घालवू नका.

प्रश्न : आईचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. आता पुन्हा धूसर दिसतं. मोतीबिंदू परत आला का?

उत्तर : नाही ताई, काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. नव्या भिंगामागची पातळ पिशवी कधी कधी गढूळ होते. यॅग लेझरनं ती काही मिनिटांत उघडतात, चिरफाड नाही, पट्टी नाही. पण दुसरंही कारण असू शकतं, म्हणून पडदा आणि डोळ्याचा दाब तपासूनच लेझर करा. जाताना ऑपरेशनचं कार्ड न्या, त्यावर भिंगाचा नंबर असतो.