नकाशे काढणारीनं सरपंचपदाला उभं राहावं का?

प्रश्न : नागपूरला आर्किटेक्ट झाले, लग्नानंतर आर्वी तालुक्यातल्या गावात आले. घरांचे नकाशे काढून देते. आमचं सरपंचपद यंदा महिलेसाठी सुटलं आहे. सासरे म्हणतात, "नकाशेवालीचं राजकारणात काय काम?" आर्किटेक्ट असून राजकारणात कोणी काही केलं आहे का?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : ताई, मामंजींना माझा रामराम सांगा आणि फर्नांडो बेलाउंदे तेरीची गोष्ट ऐकवा. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचा हा आर्किटेक्ट. १९३५ साली टेक्सासला पदवी घेतली, लिमाला परतून १९३७ मध्ये वास्तुकलेचं मासिक काढलं, १९४५ मध्ये खासदार झाला आणि पुढं दोनदा राष्ट्राध्यक्ष. मधे १९५७ मध्ये एका राजकारण्याशी चक्क तलवारीचं द्वंद्व खेळला. तेवढं मामंजींना सांगू नका.

मला तो आवडतो तो त्याच्या पायपिटीसाठी. निवडणुकीआधी त्यानं डोंगरातली खेडी पालथी घातली. रस्ता असो की पाट, गावानं मिळून करायची तिथं इंका काळापासूनची रीत. १९६३ मध्ये निवडून येताच त्यानं त्या रीतीचीच सरकारी योजना केली. अवजारं, सामान आणि शिकलेली पोरं सरकारनं द्यायची, राबायचं गावानं. शाळा झाल्या, रस्ते झाले. तुकडोजी महाराजांच्या मुलखात श्रमदान मी काय समजावू! पण आपल्याकडं बऱ्याचदा फोटो निघाला की फावडं खाली ठेवतात बाप्पा. त्याच वर्षी त्यानं नगरपालिकांच्या बंद पडलेल्या निवडणुकाही पुन्हा सुरू केल्या.

मग तो पडला कशानं? कागदानं. १९६८ मध्ये एका परदेशी तेल कंपनीशी करार झाला आणि कच्च्या तेलाच्या भावाचं अकरावं पानच गहाळ आहे, अशी बोंब उठली. लष्कर टपलेलंच होतं. ३ ऑक्टोबरच्या पहाटे त्याला राजवाड्यातून उचललं आणि विमानात बसवून देशाबाहेर धाडलं. दुसरी कारकीर्द, १९८० ते ८५, महागाईनं आणि 'शायनिंग पाथ' या माओवाद्यांच्या हिंसेनं खाल्ली.

मी जन्मभर बांधकाम खात्यात एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमाप वह्या, तपासल्या, म्हणून ते अकरावं पान माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही निवडून आलात तर नालीचं काम असो की अंगणवाडीचं, अंदाजपत्रक ग्रामसभेत पानापानानं वाचून दाखवा. नकाशा भिंतीवर लावा. बायांना तो वाचता येतो, फक्त उत्तर दिशा कुठं ते आधी सांगावं लागतं.

आणखी एक. पंचायतीच्या कोणत्याही कामाची फी घेऊ नका, नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावरही नाही. पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली पद जातं. गावातल्या लोकांच्या खासगी घरांचे नकाशे काढायला हरकत नाही, मात्र त्यांच्या परवानगीचा विषय बैठकीत आला की तेवढ्यापुरतं बाहेर जाऊन बसा आणि तशी नोंद ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) इतिवृत्तात करून घ्या.