होडीपण धर, डिग्रीपण धर

तुझं पत्र वाचलं. बीएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, आईचा बचत गट खाडीत कांदळवन (खाऱ्या पाण्यातलं तिवर-कांदळाचं जंगल, मँग्रोव्ह) सफारी चालवतो, सुट्टीत तू होडीवर माहिती सांगायला जातेस आणि आता यातच करिअर करायचंय, पण बाबा म्हणतात होडीवर बसायला डिग्री कशाला हवी. बाबांचं अगदीच चुकतंय असं नाही गं, पावसाळ्यात होडी बंद असते आणि सीझनचे पैसे गटात वाटल्यावर एकीच्या हातात किती उरतात ते आईलाच विचार.

पण वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका स्वतः वल्हवतात, माहितीही स्वतःच देतात, म्हणजे हे काम गावातल्या माणसांनीच करायचं असतं हे नक्की. तिवराचं पान जिभेला लावायला लावून मीठ दाखवणं किंवा कांदळाची झाडावरच रुजलेली लांब शेंग हातात देणं, हे बाहेरून आलेल्या गाईडला पाठ करून जमत नाही. उलट शिकलेल्या पोरांना झाडांची लॅटिन नावं येतात पण ओहोटीला होडी कुठे रुतेल ते कळत नाही. तुला दोन्ही येतंय, हेच तुझं भांडवल.

म्हणून आजपासून एक वही कर. तारीख, भरतीची वेळ, किती पर्यटक आले, कुठले पक्षी दिसले, कुठे तोड झालीये, कुठे भराव पडलाय, सगळं लिही. पुढे एमएससीच्या प्रोजेक्टला, इंटरव्ह्यूला हीच वही कामाला येते, मार्कशीट सगळ्यांकडेच असते.

एमएससीला गोवा विद्यापीठातलं मरीन सायन्स बघ, तुमच्या सिंधुदुर्गातनं जवळ पडेल. नंतर वनविभागाचा कांदळवन कक्ष आहे (२०१२ पासून), त्याचं प्रतिष्ठान आहे, तिथे प्रोजेक्टवर माणसं घेतात, फक्त कॉन्ट्रॅक्ट असतं, प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली हे धरून चाल. पक्की नोकरी हवी तर एमपीएससीची वनसेवा, त्यासाठी बाबाही लगेच हो म्हणतील बहुतेक.

आणि एक, गटाचा हिशोब, बुकिंग, फोनवरचं बोलणं जरूर बघ, पण शिकलेली म्हणून पुढे पुढे करू नकोस, माहिती सांगायला आईच्या मैत्रिणींनाच उभं कर. महिनाभराची वही भरली की फोटो काढून पाठव, आणखी काय लिहायला हवं ते बघून सांगते.