वाचकांचे प्रश्न : आज्जीचं साल, मायच्या ओव्या आणि येळवशीची आंबील

प्रश्न : आज्जीच्या वर्षश्राद्धाला तिच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. आधारकार्डावर जन्म १ जानेवारी १९३५ आहे. पण तिच्या धाकट्या भावाच्या दाखल्यावरही १९३५च आहे! खरं साल कसं काढायचं? – एक वाचक, औसा

उत्तर : त्या पिढीच्या कार्डावर १ जानेवारी दिसली की बहुतेक वेळा नुसतं वय सांगितलेलं असतं, तारीख नोंदणाऱ्यानं भरलेली असते. भावाचा दाखलाही पक्का धरू नका. हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं, असा शाळेचा हिशेब होता आणि गुरुजी सरसकट १ जून लावत.

घरातल्या, भावकीतल्या जुन्या माणसांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. रझाकारांच्या धामधुमीत आज्जी कडेवर होती, घागर आणत होती, की लग्न होऊन आली होती? पोलीस अ‍ॅक्शन (भारतीय फौजेची हैदराबादवरची कारवाई) १३ ते १७ सप्टेंबर १९४८ची. कडेवर असेल तर जन्म १९४६च्या आसपास, लहान घागर आणत असेल तर १९३८ ते ४०. पुढची खूण पैशाची. लग्नातला खर्च ‘हाली’ (निजामाच्या) रुपयांत सांगतात का? सात हाली म्हणजे सहा कलदार (इंग्रजी रुपये). हाली शिक्का हळूहळू मागे पडला आणि १९५९ला पूर्ण बंद झाला. मग ७२चा दुष्काळ : खडी फोडायला गेली तेव्हा सोबत कोणतं लेकरू होतं? दुष्काळात वाटलेली सुकडी कोणी खाल्ली, मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकर कोणाला आठवते? त्यावरून लेकरांची सालं लागतात. नातवंडांसाठी किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता. औशाकडं ही खूण कोणी चुकत नाही. वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेल्या तीन खुणा दोन-तीन वर्षांच्या आत आल्या की पुस्तिकेत ‘१९३८च्या सुमारास’ असं लिहा. तारीख घालू नका. उद्या नातवंडं तीच खरी धरतील.

आता कागद. निजामाच्या काळातली नोंद बहुधा उर्दूत आणि साल फसली (तेव्हाचं महसुली साल). त्यात ५९० मिळवा. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, म्हणून जानेवारी ते सप्टेंबरच्या नोंदीला ५९१. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. आजोबा गेल्यावर वारस लागले तो फेरफार (गाव नमुना ६) जरूर काढा, त्यात कधी कधी वारसांची वयंही असतात. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो माहेरच्या गावात सासरचं नाव शोधण्यात. लग्नात नाव बदललं असेल तर आधी माहेरचं नाव आणि बापाचं नाव पक्कं करा.

प्रश्न : माय ८६ वर्षांची आहे. ओव्या म्हण म्हटलं की ‘आता कुठं आठवतंय बाबा’ म्हणते. रेकॉर्ड कशा कराव्या? – एक वाचक, जिंतूर

उत्तर : खुर्चीत बसवून तोंडासमोर मोबाईल धरला तर कोणालाच ओवी आठवणार नाही. जातं मांडा. खुंटा ठोकून घट्ट करा, सैल असला की खडखडतो. मूठ-मूठ ज्वारी घालत राहा. रिकामं जातं फिरवलं तर दगडावर दगड घासतो, टाकी लावलेली (दगडाला पाडलेले खडे) उतरते आणि त्या आवाजात ओवी बुडते. समोर तिच्या वयाची किंवा थोडी लहान बाई बसवा. जोर ती लावेल, मायनं खुंट्यावर नुसता हात ठेवला तरी पुरे. पहिली दहा मिनिटं काही मागू नका. सुरुवात देवाच्या ओवीनं होते. भाऊ आणि माहेर आले की पुढं अडत नाही.

फोन जमिनीवर ठेवलात तर घरघर थेट आत शिरते. वाकळेची जाड घडी करून तिच्यावर, तोंडापासून दोनेक फुटांवर ठेवा. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. मध्येच कॉल आला तर कितीतरी फोनांत रेकॉर्डिंग तिथंच थांबतं. अर्ध्या तासानं थांबा, नाहीतर घसा बसतो आणि दुसऱ्या दिवशी ती बसायची नाही. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

लिहून काढताना शुद्धलेखन सुधारू नका. ‘येळवस’ला (मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण) ‘वेळ अमावस्या’ केलं की ओवी लंगडते. अर्थ हवा तर खाली वेगळा लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकारानं जमलेल्या लाखाहून अधिक ओव्या ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर येत आहेत, माजलगावच्याही आहेत. तिथं गाणारीचं नाव, गाव दिलेलं असतं. तुम्हीही द्या.

प्रश्न : आज्जीची येळवशीची आंबील कोणालाच जमत नाही. प्रमाण विचारलं की सगळ्या ‘अंदाजानं’ म्हणतात. – एक वाचक, उदगीर

उत्तर : अंदाज तिच्या भांड्यात असतो. तिचं मापटं शोधा, ते शिगेचं घ्यायची की सपाट ते सुनांना विचारा, तसं पीठ भरून काट्यावर वजन करा. तोवर हे धरून सुरुवात करा : पाव किलो ज्वारीचं पीठ अर्धा लिटर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, दोन लिटर उकळत्या पाण्यात सोडा, दहा-बारा मिनिटं ढवळत शिजवा. पूर्ण गार झाल्यावरच दीड लिटर ताक, ठेचलेलं लसूण-आलं, जिरं, मीठ. घाई करून गरम असतानाच ताक घातलं की फाटतं. ‘जमत नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथंच बिनसतं. रात्रभर मातीच्या बिंदग्यात ठेवा. स्टीलच्या डब्यात ती चव येत नाही.

प्रश्न : आज्जीची पैठणी घडीवर फाटायला लागली, जरीची तार काळी पडली. – एक वाचक, पैठण

उत्तर : प्लास्टिकच्या पिशवीतून आजच काढा. आत ओल कोंडते, जरीतली चांदी काळवंडते. लिंबू-चिंच चोळू नका. खळ नसलेल्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका, दर तीन महिन्यांनी घडी बदला. फाटलेल्या ठिकाणी मागून पातळ सुती तुकडा लावून बारीक टाके घ्या. चिकटपट्टी मात्र नको.