टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे नियम सोपे असावेत की लवचिक?

तुम्ही लिहिलंय की टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फाशांच्या मदतीने कथा घडवायचा हा खेळ खेळायला पाच जणांचा नवा गट आहे, आधी कोणीच खेळलेलं नाही, कधी राजवाड्यातलं कारस्थान खेळायचंय तर कधी अंतराळयानातली मोहीम. मग सोपे नियम घ्यावेत की काहीही करू देणारे? माझं मत असं की या दोन गोष्टींचं आपसात वैर आहे असं धरून चालू नका. नियमांत जे लिहिलेलं नसतं ते टेबलावर कोणाला तरी ठरवावं लागतंच. गेम निवडताना मी आधी एवढंच बघतो, की हे ठरवण्याचं काम कोणावर पडणार आणि कधी.

स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीचा १९८६ सालचा गर्प्स हा गेम घ्या. मध्ययुगातला हेर असो की मंगळावरचा मेकॅनिक, पात्र एकाच पद्धतीने बनतं. ठरलेले पॉइंट्स खर्चून ताकद आणि कौशल्यं घ्यायची, एखादी उणीव पत्करली की काही पॉइंट्स परत मिळतात. लोक गर्प्सला उगाच घाबरतात. त्याचा मूळ नियम अगदी लहान आहे: सहा बाजूंचे तीन फासे टाका, बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम जमलं. कौशल्य १० असेल तर निम्म्या वेळा जमतं, १२ असेल तर साधारण ७४ टक्के वेळा आणि १४ असेल तर ९० टक्क्यांच्या वर. तीन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांकडे झुकते, त्यामुळे मुरलेलं पात्र खेळतानाही मुरलेलंच वाटतं. मला हे फार आवडतं. यातलं कष्टाचं काम खेळाच्या आधी येतं. लांबलचक याद्यांमधून आपल्या कथेला काय लागू आणि काय नाही, हे गेम मास्टरला, म्हणजे कथा चालवून निवाडे देणाऱ्याला, घरी बसून निवडावं लागतं. ते नीट झालं तर टेबलावर फारसं अडत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज. सगळा गेम एका पानावर. प्रत्येक खेळाडूने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. यंत्रं, तर्क, थंड डोक्याने करायची कामं असतील तर फासा त्या आकड्याच्या खाली यायला हवा. बोलणी, अंतःप्रेरणा, भावनेच्या भरात केलेलं धाडस असेल तर वर. पात्र दहा मिनिटांत तयार होतं आणि त्याला काहीही करून बघता येतं. पण ‘जमलं, मात्र काहीतरी बिनसलं’ असा निकाल आला की नेमकं काय बिनसलं हे गेम मास्टरला तिथल्या तिथे सुचावं लागतं, आणि असे निकाल एका बैठकीत सारखे येत राहतात. एका संध्याकाळसाठी ही मजा आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या कथेला मात्र हे एक पान पुरत नाही, असं मला वाटतं.

नियम सोपा करताना काहीतरी हातातून जातं, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दिसतं. २००३ सालच्या ३.५ आवृत्तीत फाशाला जोडायचे बोनस कितीतरी प्रकारचे होते. कोणता कोणात मिळवायचा आणि कोणता नाही, याचेही नियम होते. वार करण्याआधी बेरजा चालायच्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने त्यातलं बरंचसं काढून ‘अ‍ॅडव्हान्टेज’ आणलं: वीस बाजूंचा फासा दोनदा टाका, मोठा आकडा घ्या. अकरा किंवा जास्त हवे असतील तर शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. नवख्यालाही एका वाक्यात कळतं. पण शत्रू बांधला गेलाय आणि शिवाय आडवाही पडलाय, तरी अ‍ॅडव्हान्टेज एकच. त्यात तुम्हाला विषबाधा झाली असेल तर त्या एका ‘डिसअ‍ॅडव्हान्टेज’ने (दोनदा टाकून लहान आकडा घ्यायचा) सगळं फिटतं, तुमच्या बाजूने कितीही कारणं असोत. ज्यांना डावपेच एकावर एक रचायला आवडतं त्यांना हे बोचतं, आणि ते बोचणं रास्त आहे. तरीही माझ्या मते हा सौदा चांगला आहे, कारण बेरजांत गेलेला वेळ पात्रांना परत मिळाला.

तुमच्या गटासाठी मी फेट अ‍ॅक्सिलरेटेड सुचवेन. यात कौशल्यांची यादीच नाही. पात्राकडे फक्त सहा पद्धती असतात: सावधपणे, चतुराईने, झोकात, जोर लावून, चपळाईने, लपतछपत. त्याशिवाय पात्राबद्दलची काही वाक्यं, ज्यांना ‘आस्पेक्ट’ म्हणतात. ती तुम्ही मराठीत लिहू शकता. ‘थोरल्या भावाच्या कर्जाला जामीन’ असं एक वाक्य लिहिलं की ते नियमासारखं चालतं. फेट पॉइंट खर्चून खेळाडू त्यातून फाशावर २ वाढवून घेऊ शकतो, आणि त्याच वाक्यावरून गेम मास्टरने अडचण उभी केली तर पॉइंट मिळतो. म्हणजे काय महत्त्वाचं हे ठरवण्याचं काम पाचही जणांत वाटलं जातं, आणि दरबार असो की अंतराळ, नियम बदलावे लागत नाहीत. यातही उणीव आहेच: तलवार आणि बंदूक यांच्यात नियमांच्या पातळीवर फारसा फरक राहत नाही. हत्यारांच्या तपशिलात रमणारा कोणी असेल तर तो लवकर कंटाळेल. त्याच्यासाठी गर्प्स लाइट बघा, ३२ पानांचं आणि मोफत. फेटचे नियमही इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

पाचव्या आवृत्तीचं डंजन्स अँड ड्रॅगन्स लढाया आणि गुप्त भुयारांसाठी जरूर घ्या. निव्वळ दरबारी कारस्थानासाठी घेऊ नका. तिथे वर्ग (योद्धा, जादूगार असे पात्रांचे प्रकार), लेव्हल, हिट पॉइंट्स (पात्र किती मार सोसेल तो आकडा), बहुतेक मंत्र हे सगळं धाडस आणि मारामारीभोवती रचलेलं आहे, आणि ते बाजूला ठेवलं तर हातात फारच थोडं उरतं.

आणखी एक. गेम मास्टर कोण होणार ते आधी ठरवा आणि अंतिम निवड त्याच व्यक्तीवर सोडा. तिला घरी तयारी करायला आवडतं की बोलता बोलता सुचतं, एवढं विचारलंत तरी अर्ध्याहून जास्त पर्याय गळून पडतील. नियम बाकीच्या चौघांनी पहिल्या दिवशी वाचून येण्याची गरज नाही, पण दुसऱ्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने निदान आपल्या पात्राचं पान स्वतः समजून घ्यावं.