सुरुवातीच्या आकड्यांवर किती भिस्त ठेवावी?

प्रश्न : बेसबॉलमध्ये एखादा फलंदाज हंगामाच्या आरंभीच ०.४०० च्या सरासरीने, म्हणजे दर दहा संधींत चार यशस्वी फटके (हिट) मारत, खेळू लागला, तर त्यावरून त्याची पुढील कामगिरी सांगता येते का?

उत्तर : सांगता येते, पण तो आकडा आहे तसा पुढे नेऊन नव्हे. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या अमेरिकी हंगामातील १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ संधी तपासल्या. तेव्हा रॉबर्टो क्लेमेंटे १८ हिटसह ०.४०० वर होता, तर थर्मन मन्सन अवघ्या ८ हिटसह ०.१७८ वर अडकला होता. सर्वांची मिळून सरासरी ०.२६५ भरत होती. प्रत्येकाचा आकडा या सामाईक सरासरीकडे बराच ओढून घेतल्यावर केलेले भाकीत उर्वरित हंगामाशी एकंदरीत कितीतरी अधिक जुळले, कारण इतक्या थोड्या संधींत खेळाडूंमधला फरक बहुतांशी नशिबाचा असतो. मन्सन पुढे ०.३१६ ने खेळला आणि त्याच वर्षी अमेरिकन लीगचा (तिथल्या दोन मुख्य बेसबॉल साखळ्यांपैकी एक; दुसरी नॅशनल लीग) सर्वोत्तम नवोदित ठरला.

क्लेमेंटेवर मात्र या रीतीने, माझ्या मते, अन्यायच केला : तिने त्याला ०.२९ च्या आसपास आणून बसवले आणि तो उरलेल्या हंगामात ०.३४६ ने खेळला. नॅशनल लीगचा फलंदाजीचा किताब तोवर चार वेळा जिंकलेल्या या खेळाडूचा आकडा त्याच्या स्वतःच्या जुन्या नोंदींकडे ओढायला हवा होता. नवोदिताजवळ तशा नोंदीच नसतात, म्हणून त्याच्या कारकिर्दीचा अंदाज बांधताना वय आणि स्ट्राइकआउटचे (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचे) प्रमाण आधी पाहावे. हे प्रमाण फलंदाजीच्या सरासरीपेक्षा खूपच लवकर स्थिरावते.