2026 मध्ये भारतीय महिला फुटबॉल संघ कुठपर्यंत जाईल?

तुम्ही विचारलंय की आपल्या मुली आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या याचं एवढं कौतुक का, आणि 2026 मध्ये हा संघ खरंच विश्वचषकाच्या जवळ जाऊ शकतो का. 2025 संपता संपता हे उत्तर लिहितेय. म्हणजे स्पर्धेला अजून दोन-सव्वादोन महिने आहेत, आणि पुढे जे म्हणतेय ते आज दिसतंय त्यावरून.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं थेट उत्तर देते. विश्वचषक शक्य आहे, पण कठीण आहे. उपांत्यपूर्व फेरी मात्र आवाक्यात आहे आणि माझं सगळं लक्ष तिच्यावरच आहे. कारण समजून घ्यायला स्पर्धेचा आराखडा पाहावा लागेल.

आशियाई चषक 1 ते 21 मार्च 2026 दरम्यान ऑस्ट्रेलियात आहे. बारा संघ, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सर्वोत्तम दोन. म्हणजे बारांतले आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत. तिथे जिंकणाऱ्या चौघांना 2027 च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाचं थेट तिकीट. हरणाऱ्या चौघांचीही वाट तिथे बंद होत नाही. त्यांचे आपसात दोन सामने होतात, त्यातले दोन विजेते विश्वचषकाला जातात आणि हरलेल्या दोघांना इतर खंडांच्या संघांबरोबरच्या पात्रता सामन्यांत अजून एक संधी मिळते.

आता हिशेब करून पाहा. गटात एक विजय मिळवला, उपांत्यपूर्व फेरीत हरलो आणि त्यानंतरचा एक सामना जिंकला, तर भारत विश्वचषकात. मोजून दोन विजय. 'शक्य आहे' असं मी म्हणते ते यामुळे. हे कागदावरचं गणितही नाही, कारण आपल्याच गटातला एक संघ मागच्या वेळी जवळजवळ असाच गेला होता, आणि तेही आपल्याच अंगणात.

2022 चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. त्यात व्हिएतनाम गटात दक्षिण कोरियाकडून 0-3 आणि जपानकडून 0-3 असा हरला. म्यानमारशी 2-2 बरोबरी झाली. तीन सामन्यांत एक गुण! म्यानमारचाही एकच गुण होता, पण ते जपानकडून पाच आणि कोरियाकडून दोन गोलांनी हरले होते. गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा केले, तर व्हिएतनामचा उणे सहा, म्यानमारचा उणे सात. एका गोलाने व्हिएतनाम तिसऱ्या क्रमांकावर राहिला, उपांत्यपूर्व फेरीत गेला, तिथे चीनकडून हरला, मग थायलंड आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) यांना हरवून थेट 2023 च्या विश्वचषकात. तो निर्णायक सामना नवी मुंबईत झाला होता. जपानविरुद्ध तिसरा गोल खाल्ल्यावर चौथा होऊ न देण्यासाठी त्या मुली ज्या जिवाच्या आकांताने धावल्या असतील, त्याचं मोल पुढे विश्वचषकाइतकं ठरलं.

आपला गट पाहा: जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई. 4 मार्चला व्हिएतनाम आणि 7 मार्चला जपान, दोन्ही पर्थमध्ये. 10 मार्चला सिडनीत तैपेई. जागतिक क्रमवारीत जपान पहिल्या दहात, व्हिएतनाम आणि तैपेई चाळिशीच्या आसपास, आणि आपण साठीच्या पुढे. अवघड गट आहे, पण उत्तर कोरिया आणि चीन एकत्र असलेल्या गटात बांगलादेश अडकलाय, त्या मानाने आपल्याला बरा मिळाला.

या तिघांशी आपली अलीकडची ओळख फारशी सुखद नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये ताश्कंदला ऑलिंपिक पात्रतेत जपानने आपल्याला 7-0 ने हरवलं आणि तीन दिवसांनी व्हिएतनामने 3-1 ने. त्याच्या महिनाभर आधी चीनमधल्या हांगझो एशियाडमध्ये, म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धेत, तैपेईशी गाठ पडली. तो सामना मी विसरू शकत नाही. मध्यंतरानंतर लगेच अंजू तमांगने गोल केला, आपण 1-0 पुढे. नंतर हळूहळू आपला संघ मागे मागे सरकत गेला, मधल्या फळीतून चेंडू पुढे जाणंच बंद झालं, जो बाहेर काढला तो थेट त्यांच्या पायात. शेवटच्या पंचवीस मिनिटांत दोन गोल झाले आणि हातातला सामना 1-2 असा गेला. माझ्या मते भारतीय संघाचं खरं दुखणं त्या पंचवीस मिनिटांत दिसतं. आघाडी मिळवण्याइतकं कौशल्य आहे, ती टिकवताना चेंडू स्वतःकडे ठेवण्याची सवय नाही. आणि ती सवय शिबिरात लागत नाही, सामने खेळूनच लागते.

तैपेईशी अजून एक जुना हिशेब आहे. 2022 ला यजमान म्हणून आपण इराणशी 0-0 बरोबरी साधली आणि पुढचा सामना तैपेईशी होता. त्याआधीच संघात करोनाचा शिरकाव झाला, मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत, सामना रद्द झाला आणि नियमाप्रमाणे भारत स्पर्धेतूनच बाहेर. घरची स्पर्धा एका सामन्यात संपली. त्या संघातल्या काही जणी आजही खेळतायत.

आता कौतुकाबद्दल. 1979 आणि 1983 च्या आशियाई स्पर्धांत भारत उपविजेता होता हे अनेकांना माहीत नसतं. तेव्हा चीन, जपान, कोरियाचं महिला फुटबॉल आजच्यासारखं उभं राहिलेलं नव्हतं. पण पात्रता फेरीचे सामने खेळून, ते जिंकून आशियाई चषकात जाणं आपल्याला पहिल्यांदाच जमलंय. आणि जमलं तेही ज्या सामन्यात, तो पुन्हा पाहावा असा आहे.

चियांग माई, 5 जुलै 2025. भारताने मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0 आणि इराकला 5-0 हरवलं होतं. यजमान थायलंडनेही तिघींना लोळवलं होतं. दोघांचे नऊ गुण, दोघांचे 22 गोल, दोघांनी एकही गोल खाल्लेला नाही. शेवटच्या सामन्यात जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला जाणार, बाकीच्यांनी घरी बसायचं. थायलंड म्हणजे 2015 आणि 2019 चे विश्वचषक खेळलेला संघ, आणि मैदान त्यांचं. संगीता बासफोरने लांबून सणसणीत फटका मारून पहिला गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली. हांगझोचा अनुभव असलेल्या कोणालाही तिथे धडकी भरली असती. या वेळी संघ खचला नाही. 74 व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर संगीतानेच डोक्याने दुसरा गोल केला आणि उरलेला वेळ बचावफळीने निभावून नेला. क्रिस्पिन छेत्री तेव्हा प्रशिक्षक होते. त्या वीस मिनिटांत मला जो संघ दिसला तो 2023 चा नव्हता.

मात्र त्या 22 गोलांवर जाऊ नका. मंगोलियाला तेरा गोल मारल्याने व्हिएतनामविरुद्ध काय होईल ते कळत नाही. खरं मोजमाप 2025 मधल्या बाकीच्या सामन्यांचं आहे. फेब्रुवारीत अमिरातीत जॉर्डनला हरवलं, पण रशिया आणि दक्षिण कोरियाकडून हार. ऑक्टोबरमध्ये शिलाँगला इराणकडून 0-2 हार. क्लबांच्या पातळीवरही तेच दिसलं: ईस्ट बंगालच्या मुलींनी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराणच्या क्लबला 3-1 ने हरवलं आणि मग चीनच्या वुहानपुढे गोल न करता हरल्या. आशियाच्या मधल्या फळीतल्या संघांशी आपण झुंजतो, कधी जिंकतो, कधी हरतो. त्यावरच्यांशी अजून फरक मोठा आहे.

फरकाचं मुख्य कारण म्हणजे सामन्यांची वानवा. आपल्या इंडियन वुमेन्स लीगमध्ये 2024-25 च्या मोसमात आठ संघ होते, म्हणजे प्रत्येक संघाला चौदा सामने. जानेवारीत सुरू, एप्रिलमध्ये संपली. जपानची खेळाडू यापेक्षा किती तरी जास्त सामने क्लबकडून खेळते, आणि त्यांच्यातल्या अनेक जणी इंग्लंडमध्ये खेळतात. एके काळी तर आपला राष्ट्रीय संघ पुरेसे सामनेच न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून गळाला होता. आता तेवढी वाईट अवस्था नाही, पण एखादी मुलगी वर्षातले सात-आठ महिने स्पर्धात्मक सामन्याविना राहत असेल तर ऐंशीव्या मिनिटाला तिचा पहिला स्पर्श जड का होतो, याचं आश्चर्य वाटू नये.

म्हणूनच मनीषा कल्याणसारख्या खेळाडूचं महत्त्व वेगळं आहे. 2021 मध्ये मनौसला ब्राझीलविरुद्ध आपण 1-6 हरलो, पण तो एक गोल मनीषाचा होता. पुढे ती सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तिथे खेळणारी पहिली भारतीय. चेंडू पायात असताना मान वर करून खेळणारी ती आपल्याकडची मोजक्यांपैकी एक. तिच्या जोडीला बाजूने धावणारी सौम्या गुगुलोथ, पुढे प्यारी खाखा, मध्ये संगीता, मागे स्वीटी देवी, आणि गोलमध्ये ऑस्ट्रेलियात क्लब फुटबॉल खेळून आलेली पंथोई चानू. हा कणा बरा आहे. त्यांच्यामागे बदली म्हणून येणाऱ्या खेळाडूंत मात्र दर्जा पटकन खाली येतो आणि सात दिवसांत तीन सामने असताना ते जाणवणारच.

व्हिएतनामचा सामना पहिला आहे हे मला फायद्याचं वाटतं. पाय ताजे असतील. त्यांचा संघ अनुभवी आहे, चेंडू सफाईने फिरवतो, पण उंचीने आणि ताकदीने आपल्याला दडपणारा नाही. कॉर्नर आणि फ्री किकवर आपल्याला तिथे गोल मिळू शकतो. जपानविरुद्ध काही जण म्हणतील की हरणारच आहोत तर मोकळं खेळा. मला हे अजिबात पटत नाही. त्या दिवशी पाच जणी मागे, चार मध्ये, आणि चार गोलांच्या आत सामना संपवायचा. लोक 'रटाळ खेळ' म्हणाले तरी चालेल. व्हिएतनामचं उणे सहा आणि म्यानमारचं उणे सात आठवा. मग 10 मार्चला तैपेई, आणि बहुतेक तिथेच सगळं ठरेल. दुसऱ्या गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाचे संघ कोण असतील? एकीकडे फिलिपिन्स किंवा इराण, दुसरीकडे उझबेकिस्तान किंवा बांगलादेश. यांतल्या एका संघापेक्षा आपली कामगिरी सरस ठरली तरी पुरे.

माझा अंदाज विचाराल तर व्हिएतनामशी बरोबरी किंवा निसटती हार, जपानकडून मोठी हार, आणि तैपेईविरुद्ध विजय मिळवण्याची वास्तविक संधी. जपानविरुद्ध सात-आठ गोल खाल्ले तर तो विजयही वाया जाऊ शकतो, म्हणून मला जास्त धाकधूक मधल्या सामन्याची आहे.

वर्ष मार्चमध्ये संपत नाही, हेही लक्षात ठेवा. वीस वर्षांखालील मुलींनी ऑगस्टमध्ये यांगूनला म्यानमारला त्यांच्याच मैदानावर 1-0 ने हरवून आशियाई चषक गाठलाय. तो एप्रिलमध्ये थायलंडला आहे. सतरा वर्षांखालील मुलींनी बिश्केकला उझबेकिस्तानला 2-1 ने हरवलं, त्यांची स्पर्धा चीनमध्ये. म्हणजे एकाच वर्षी तिन्ही वयोगटांतले भारतीय संघ आशियाई स्पर्धेत. तुम्हाला 2026 बरोबर 2030 चीही उत्सुकता असेल तर वीस वर्षांखालच्या संघाचे सामने आवर्जून पाहा, कारण वर म्हटलेली बदली खेळाडूंची कमतरता भरून निघाली तर तिथूनच निघेल. महाराष्ट्रातल्या मुली या संघांत जवळजवळ दिसत नाहीत, मणिपूर, ओडिशा, झारखंड, हरियाणा इथल्याच जास्त. कोल्हापुरात पेठांच्या सामन्यांना मैदान ओसंडून वाहतं, त्या राज्याच्या मुलींनी मागे राहावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि सप्टेंबरमध्ये जपानच्या आयची-नागोयाला एशियाड आहे. सांघिक खेळात आशियात पहिल्या आठांत असाल तरच पाठवू, असा निवडीचा निकष आजवर आडवा आलाय. 2018 ला फुटबॉल संघ गेलेच नाहीत, 2023 ला निकष शिथिल केल्यावर गेले. मार्चमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली, तर आशियातल्या पहिल्या आठांत असल्याचा मैदानावरचा पुरावाच या मुलींच्या हातात असेल, आणि मग त्यांना एशियाडला पाठवायचं नाही म्हणणं कोणालाही जड जाईल.